मोठा काटा

टक्.

वाटीच्या कडेला नखानं टिचकी मारावी, एवढाच आवाज. पण कुकरची वाफ जिरून गेली होती, देवघरात सासूबाईंचा जप ओठांतल्या ओठांत चालला होता आणि रेवू अजून उठली नव्हती, त्यामुळं तो स्वयंपाकघरभर झाला. मी ओट्याकडं तोंड करून भाकरी थापत होते. मागं टेबलाशी धैर्यशील चहा घेत बसला होता. कप बशीत ठेवला असेल, असं मला वाटलं. आलं जास्त झालंय का, म्हणून विचारलं. उत्तर नाही. विशूभावजींचा फोन आला होता, भाऊबीजेला तेच गाडी चालवतो म्हणालेत, असं सांगितलं. त्यालाही उत्तर नाही.

भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि वळले. तो माझ्याकडंच बघत होता. म्हणजे त्याचे डोळे माझ्या दिशेला होते. चहावर साय धरली होती. उजव्या हाताचा अंगठा डाव्या मनगटावर टेकलेला आणि ओठांची बारीक हालचाल, बडीशेपेचा दाणा दाताखाली धरल्यासारखी. मी हसले. तो हसला नाही. मी हातातल्या पिठाकडं बघितलं, मग परत त्याच्याकडं. तो तसाच.

टक्.

"काय म्हणालीस?"

"कधीची बोलतेय मी. ऐकत काय होतास?"

त्यानं आधी घड्याळात बघितलं, मग माझ्याकडं. तुझी एक भाकरी किती वेळात होते ते बघत होतो, म्हणाला.

"मग? पास का नापास?"

"जळतीय बघ ती," तो म्हणाला. आणि खरंच जळत होती.

ते घड्याळ दसऱ्याला घरात आलं. आमच्याकडं दसऱ्याला हत्यारं पुजतात. सासूबाईंची विळी, विशूभावजींचे पाने-पक्कड, माझी शिलाईची कात्री, असं सगळं पाटावर मांडलेलं असतं. त्या वर्षी धैर्यशीलनं शेवटी एक डबी आणून ठेवली आणि उघडली. आत हे घड्याळ. दुधाच्या सायीसारखी पिवळट तबकडी, आकड्यांवर जुन्या पितळेचा रंग, तपकिरी चामड्याचा पट्टा. सासूबाईंनी हळदीचं बोट उचललं आणि ते तसंच थांबलं.

"कुणाचं रं हे जुनं आणलंस, धैर्या?"

तो म्हणाला, नवं आहे, जुन्या धर्तीवर केलेलं.

"नवं घ्यायचं तर नव्यासारखं घ्यावं की. आणि काटा कुठं हलतोय? बंद पडल्यालं घड्याळ घरात ठिवू नये."

त्यानं मग ते हातात घेऊन सगळ्यांना समजावलं. याला क्रोनोग्राफ म्हणतात. मधला लांब काटा बारावर झोपलेला असतो, तो बोलावल्याशिवाय उठत नाही. सेकंद डावीकडच्या छोट्या वर्तुळात पळतात, तिथं मुगाच्या डाळीएवढा काटा आहे. वरचं बटण दाबलं की मोठा काटा निघतो, परत दाबलं की जागच्या जागी थांबतो, आणि खालचं बटण दाबलं की उडी मारून बारावर येतो. सेल नाही, रोज सकाळी चावी द्यायची. विशूभावजी म्हणाले, बघा वहिनी, मोठा आरामात आणि बारका पळतोय, घड्याळवाल्याला आमचं घर ठाऊक दिसतंय. सगळे हसले. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, पण काचेवर नाही, पट्ट्यावर, कडेला.

हे घ्यायचं कारण त्यानं मला आधीच सांगितलं होतं. तो शिरोलीच्या बाजूला एका फौंड्रीत भट्टीवर सुपरवायझर होता. वितळलेलं लोखंड बादलीत घेतलं, त्यात पावडर टाकली, की ठरलेल्या वेळात ते साच्यात गेलं पाहिजे, नाहीतर सगळा माल भंगारात. भट्टीपाशी मोबाइल न्यायला बंदी. भिंतीवरचं घड्याळ धुरानं काळं झालेलं. म्हणून मनगटावर असं काहीतरी हवं होतं. मला ते पटलं होतं. न पटण्यासारखं त्यात काय होतं.

आता रेवू चौथीत आहे. धाकटा दुपारचा झोपतो तेवढ्यात मी हे लिहायला बसते, आणि सगळ्यात आधी आठवतो तो चावीचा आवाज. कुर्र, कुर्र. तेव्हा बालवाडीत जाणारी रेवू सकाळी उठून केस न विंचरताच बाबाच्या मांडीवर जाऊन बसायची आणि दोन बोटांत ती बारीक चकती धरून फिरवायची. तिच्या बोटांवर त्याची बोटं. ती थांबायला तयार नसायची. "आता पुरे," तो म्हणायचा, "पोट भरलं त्याचं." मग ती घड्याळ कानाला लावायची आणि जेवतंय, म्हणायची.

त्या घड्याळाची सवय व्हायला हवी होती. मला झाली नाही. कारण ते बटण फक्त भट्टीपाशी वाजत नव्हतं. बाथरूमच्या दारामागं, जिन्यावर, सासूबाईंना गोळ्या काढून देताना, टीव्हीसमोर. टक्. मग शांतता. मग परत टक्. संध्याकाळी तो हातपाय धुवायला गेला की घड्याळ फडताळात असायचं आणि मोठा काटा कधी दोनाच्या पुढं, कधी पाचाजवळ थबकलेला. तो बारावर आणायला विसरलेला असायचा. ओतकामाची वेळ, म्हणायचा. पण रविवारी कुठलं ओतकाम.

माझी खात्री झाली की हा माझी वेळ मोजतोय. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणायचे आणि दार लागलं की तू, इतकं आमचं बरं चाललं होतं. त्यानं कधी कुठं गेलीस, का उशीर झाला, असं विचारलेलं मला आठवत नाही. म्हणूनच ते जास्त लागलं. मी भाजी आणायला निघाले की तो चप्पल घालून सोबत यायला बघायचा. मी अंगणात शेजारणीशी बोलत उभी राहिले की तो खिडकीत. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना मागं तो आवाज आला आणि माझं डोकं फिरलं.

"मी काय भट्टी आहे का?" मी म्हणाले. "माझी कसली वेळ लावतोस?"

तो काही बोलला नाही. मी वळलेही नाही. पुष्कळ वेळानं म्हणाला, "तुझी नाही गं." एवढंच. आवाज झोपेतून उठलेल्या माणसासारखा जड होता. राग आलाय त्याला, असं मी धरून चालले आणि दिवसभर बोलले नाही.

त्याच आठवड्यात मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले, तर बाप-लेक समोरासमोर. तो खुर्चीत, ती उभी, हात पाठीमागं बांधलेले आणि नजर त्याच्या मनगटावर. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मोठा काटा फिरत होता. धैर्यशील समोरच्या गच्चीकडं बघत होता. त्या गच्चीवर कुणी नव्हतं. मग त्याच्या पापण्या हलल्या असाव्यात, मला दिसल्या नाहीत, तिला दिसल्या. तिनं पुढं होऊन बटण दाबलं.

"ओव्हर."

पाण्यात बुडी मारून वर आल्यावर घ्यावा तसा त्यानं श्वास घेतला आणि मनगटाच्या पाठीनं ओठांचा कोपरा पुसला.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"बाबाच," रेवू म्हणाली. "बाबा कधीच हरत नाही. तो हलत पण नाही. स्टॅच्यू झाला की त्याच्याशी बोलायचं नसतं, हात लावायचा नसतो, आणि तुला हाक मारायची नसते. हो ना, बाबा?"

तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. तिला हसू आलं म्हणून मलाही आलं. आम्ही पोरं होतो तेव्हा वैभववाडीला हाच खेळ खेळायचो, स्टॅच्यू म्हटलं की जागच्या जागी. मला वाटलं, चला, निदान मुलीशी खेळतो तरी आहे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यानं मला कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानावर नेलं. आम्हाला आणि विशूभावजींना मिळून एक जुनी गाडी होती. ती गाडी आता मी चालवते. तेव्हा मला काहीच येत नव्हतं. शिकवतो म्हणाला म्हणून मी हरखून ड्रायव्हरच्या दाराकडं गेले, तर तो म्हणाला, इकडं नाही, तू शेजारी बस.

"शेजारी बसून काय शिकू?"

"आधी हा," त्यानं दोन सीटच्या मधला हँडब्रेक दाखवला. "एकदम ओढायचा नाही. खट् खट् करत वर घ्यायचा. आणि स्टिअरिंग तिकडून एका हातानं कसं फिरवायचं ते बघ."

तो हळूहळू गाडी चालवायचा आणि मध्येच, काही न सांगता, पाय वर घ्यायचा. मग मी ब्रेक ओढायचा. पुन्हा पुन्हा. धूळ उडत होती, कडेला क्रिकेट खेळणारी मुलं आमच्याकडं बघून हसत होती. मी म्हणाले, क्लच कधी? गिअर कधी? हे असलं ड्रायव्हिंग स्कूल मी कुठं बघितलं नाही.

"थांबवता आलं पाहिजे, मुक्ता. चालवता काय, कुणालाही येतं."

तो हे इतक्या हळू म्हणाला की मी थट्टा आवरती घेतली. परत येताना गाडीचा वेग सायकलीइतका होता.

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडं जातो. पण माझा दादा त्या वर्षी नव्या दुकानात अडकला होता, म्हणून आम्हीच वैभववाडीला जायचं ठरलं होतं. सासूबाईंनी फराळाचे डबे भरून ठेवले होते. रेवूनं मामासाठी ओवाळायचं तबक स्वतः लावलं होतं, त्यात सुपारी एकाऐवजी मूठभर. नवे कपडे घालून आम्ही दारात उभे, आणि विशूभावजींचा फोन आला. त्यांच्या सासऱ्यांना अचानक दवाखान्यात हलवलं होतं, ते तिकडं निघाले होते.

धैर्यशील फोन हातात धरून उभा राहिला. मग त्यानं घड्याळाकडं बघितलं. वेळ बघायला बघतात तसं नाही. एखाद्याला काही विचारायचं असावं तसं.

"उद्या गेलो तर?" तो म्हणाला.

"भाऊबीज काय उद्या असती व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "गाडी तुला येती न्हवं? का भावाशिवाय पाय उचलंना झालाय?"

एसटीनं जाऊ, असंही तो म्हणाला. एवढे डबे घेऊन, सणाच्या गर्दीत, पोरीला घेऊन? सासूबाईंनी उत्तराचीही वाट बघितली नाही, डबे उचलून गाडीत ठेवायला लागल्या. तो थोडा वेळ अंगणातच होता. मग आत जाऊन किल्ली घेऊन आला.

गाडीत बसताना रेवू खिडकीशी बसायला गेली. तो म्हणाला, "मधे बस. दोन सीटच्या मधून माझं घड्याळ दिसलं पाहिजे तुला."

"खेळायचं?" तिनं विचारलं.

"नाही. नुसतं लक्ष ठेव."

लाडानं बोलतोय, असं मला वाटलं.

गगनबावड्यापर्यंत तो छान गप्पा मारत होता. ऊस तोडीला आला होता, रस्त्यावर बैलगाड्या होत्या. एका टपरीवर आम्ही चहा घेतला. रेवूनं टपरीवाल्या आजोबांना मनगटावरचं घड्याळ दाखवून सांगितलं, हे मी जेवायला घालते म्हणून चालतं. चहा पिऊन झाल्यावर तो तोंड धुवायला गेला आणि जरा जास्तच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. निघताना मी विचारलं, दमलास का? नाही म्हणाला. मग घाट लागला.

करूळच्या घाटात ऊन उतारावर तिरपं पडलं होतं. पिवळं गवत, मध्येच कारवीची झुडपं, आणि माझ्या खिडकीच्या खाली दरी. दरीत माझं माहेर कुठंतरी धुरकट दिसत होतं. मी रेवूला बोट दाखवून सांगत होते, ती बघ मामाची वाडी, ती पांढरी रेघ म्हणजे रेल्वे. रेवू म्हणाली, कुठं? मी म्हणाले, अगं ती काय.

तेवढ्यात त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून निघाला. मी ते सगळं बघितलं. शांतपणे निघाला, छातीवरून आडवा डाव्या मनगटाकडं आला.

टक्.

आणि मग तो हात परत गेला नाही. मांडीवर पडून राहिला.

घाटाचीसुद्धा वेळ लावणार का, असं काहीतरी मी म्हणाले. गाडी उताराला होती, वेग आपोआप वाढत होता. पुढं वळण उजवीकडं होतं. त्याचा चेहरा सरळ समोर, वळणाकडं नाही, वळणाच्या पलीकडच्या आभाळाकडं. ओठ हलत होते. बडीशेपेचा दाणा.

मागून रेवू कुजबुजली, "आई, बोलू नको. बाबा स्टॅच्यू झालाय."

मला ओरडायला सुचलं नाही. चहावरची साय, गच्चीकडं लागलेले डोळे, पाय वर घेऊन गाडी मोकळी सोडणारा तो मैदानातला रविवार, हे सगळं नंतर जुळलं. तेव्हा फक्त माझा हात खाली गेला. खट्. खट्. खट्. दुसऱ्या हातानं मी स्टिअरिंग पलीकडं ढकललं. त्याचा डावा हात त्यावर तसाच घट्ट होता, माझ्या बळाला तो उलटा ओढत नव्हता, सोडतही नव्हता. खालून एक ट्रक येत होता. त्याचा हॉर्न आधी समोरून, मग डोक्यावरून, मग मागून ऐकू आला. गाडी रस्ता ओलांडून डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालून, कातळाला घासत, धक्का देऊन बंद पडली.

मागं डबे उलटले. चकल्या घरंगळत पार माझ्या पायाशी आल्या.

मग काहीच आवाज नव्हता. म्हणजे एक होता, आणि तो मी त्याआधी कधी इतका स्पष्ट ऐकला नव्हता. त्याच्या मनगटावरचं घड्याळ चालत होतं. मोठा काटा न अडखळता, काही झालंच नाही असा, फिरत होता. त्यानं अजून एक फेरीही पुरी केली नव्हती. धैर्यशील ताठ बसून समोरच्या कातळाकडं बघत होता. मी त्याचा दंड धरून हलवला. हाक मारली. पुन्हा मारली.

"असं नाही करायचं," रेवू म्हणाली. तिच्या कपाळाला सीटचा कोपरा लागून टेंगूळ आलं होतं, पण ती रडत नव्हती. ती दोन सीटच्या मधून पुढं झाली. त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघत थांबली, किती थांबली कुणास ठाऊक, आणि मग तिनं हात लांब करून वरचं बटण दाबलं.

टक्.

"ओव्हर."

त्याच्या पापण्या हलल्या. श्वास आत गेला. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणालीस?" तो म्हणाला.

ट्रकवाले पुढं थांबून धावत आले होते. त्यांना वाटलं, झोप लागली असणार. सणाच्या दिवसांत असंच होतं, ताई, म्हणाले, आणि आम्हाला उतरवून सावलीत बसवून, पाण्याची बाटली देऊन गेले. दादाला मी फोन केला. वैभववाडीहून तो गाडी चालवणारा कुणीतरी घेऊन निघतो म्हणाला. तोवर आम्ही कठड्याच्या अलीकडं एका दगडावर बसून होतो. रेवू गाडीजवळ सांडलेल्या चकल्या गोळा करून फुंकर मारत डब्यात भरत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

पावसाळ्यापासून, तो म्हणाला. त्याला आधी वाटलं होतं की पापणी मिटतेय फक्त. पण बादलीतलं लोखंड गार झालेलं असायचं. समोरचा माणूस बोलता बोलता दुसऱ्याच गोष्टीवर गेलेला असायचा. एकदा भट्टीच्या तोंडाशी तो असा उभा राहिला आणि एका पोरानं त्याला मागून ओढलं. त्यानंतर त्यानं घड्याळ घेतलं.

"घड्याळ?" मी म्हणाले. "डॉक्टर नाही, घड्याळ?"

"डॉक्टरनं कागदावर लिहिलं असतं तर मला भट्टीवर कोण उभं करणार होतं?" तो जमिनीकडं बघत बोलत होता. "कुठं जातो ते कळत नाही, मुक्ता. किती वेळ जातो, एवढं तरी कळावं म्हटलं. कमी होतंय का वाढतंय, ते."

"वाढतंय?"

त्यानं टाचेनं एक खडा मातीत दाबला.

"येतंय ते आधी कळतं तुला?"

"कळतं. तोंडात गंजक्या लोखंडाची चव येते. त्यानंतर दोन-चार श्वास माझ्या हातात असतात."

मी त्याच्या हाताकडं बघत राहिले. तो हात, छातीवरून आडवा, शांतपणे मनगटाकडं आलेला. मला विचारायचं नव्हतं. पण विचारलं.

"मग त्या दोन-चार श्वासांत ब्रेक का नाही दाबलास?"

तो बराच वेळ गप्प होता. या वेळी तो इथंच होता, हे मला त्याच्या जबड्यावरून कळत होतं.

"हात घड्याळावर गेला," तो म्हणाला. "इतक्या दिवसांची सवय. चव आली की बटण. पाय हललाच नाही."

पुढं सगळं झालं. डॉक्टर झाले, गोळ्या आल्या, फौंड्रीनं त्याला भट्टीवरून काढून गेटजवळच्या स्टोअरमध्ये बसवलं, आणि लायसन्स त्यानं स्वतःच्या हातानं कपाटाच्या मागं टाकून दिलं. गोळ्या लागू पडतात, बऱ्याचदा. पण त्या दगडावर यातलं मला काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस मला थांबवायला शिकवून मग आम्हाला घेऊन निघाला. मला त्याला मारावंसं वाटत होतं, आणि मी त्याचं मनगट माझ्या मांडीवर घेऊन पट्टा सोडवत होते. पट्ट्याखालची कातडी ओली आणि पांढरी पडली होती. तिथं मी पदर दाबून धरला.

रेवू डबा घेऊन आली. तिनं घड्याळ माझ्या हातातून घेतलं, खालचं बटण दाबलं आणि मोठा काटा उडी मारून बारावर आला तो नीट बघितला. मग घड्याळ कानाला लावलं.

"चालतंय," म्हणाली. धैर्यशीलच्या गुडघ्याला टेकून बसली आणि एक चकली त्याच्या तोंडात घातली. "बाबा, आज तू खूप लांब गेला होतास. मला भीती वाटली नाही."

त्याला ती चकली चावता येईना.

"रेवू," मी म्हणाले, "तू फार शहाणी आहेस. पण आता हा खेळ आपण बंद करायचा. पुढच्या वेळी असं झालं की आधी मला हाक मारायची."

"हाक मारून नाही येत तो. तू मारलीस की मघाशी. मी दाबलं की येतो." ती हे समजावून सांगत होती, जसं मी तिला बुटाची नाडी समजावून सांगते तसं. "घरी पण मीच आणते. तुला माहितीच नाही."

खालच्या वळणावर दादाची गाडी दिसायला लागली होती. मी हात करून दाखवला. रेवूनं तिकडं बघितलं नाही. ती घड्याळाकडं बघत होती आणि तिच्या कपाळावर, टेंगुळाच्या वर, एक आठी पडली होती. माझ्या तिथंच पडते तशी.

"पण आई," ती म्हणाली, "दिवाळीची सुट्टी संपली की मी शाळेत जाणार. मग तेव्हा बाबाला परत कोण आणणार?"